बेडकाचा वाढदिवस: धमाल टाकीबाहेर, तपासणी टाकीत

घरात बेडूक आला की मुलं कधीतरी विचारतातच, ‘याचा बर्थडे कधी?’ मग केकची चर्चा निघते, कुणीतरी टोपी घातलेल्या बेडकाचा फोटो मोबाईलवर दाखवतं आणि आजी व्हिडिओ कॉलवरून विचारते, ‘मग त्याला ओवाळायचं की नाही?’ ओवाळा की! केक कापा, गाणी म्हणा, चार मित्रमंडळी बोलवा. फक्त हे सगळं टाकीच्या बाहेर आणि टाकीपासून लांब. टाकीच्या आत तो दिवस इतर कुठल्याही दिवसासारखाच जायला हवा. वेगळं काही करायचंच असेल तर त्याची वार्षिक तपासणी करा. माझ्या मते बेडकाचा वाढदिवस साजरा करण्याचं एवढं एकच कारण पुरेसं आहे, बाकी सगळी आपली हौस.

आधी बेडूक कोणता, ते बघा

पाळीव बेडकांत नवख्यांना सगळ्यात मानवतो तो व्हाइट्स ट्री फ्रॉग, म्हणजे आपला ‘डम्पी’. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, हिरवा, गुबगुबीत, सात ते दहा सेंटिमीटरचा. नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज जगतो, म्हणजे दुसरीतल्या पोराने हट्टाने आणलेला बेडूक पोरगं नोकरीला लागेपर्यंत आई-बाबांकडेच राहणार, हे गृहीत धरा. हा लेख मुख्यतः डम्पीला धरून लिहिला आहे.

पॅकमॅन बेडूक असेल तर तो स्वतःला कोकोपीटमध्ये पुरून घेतो आणि तोंडासमोर हललेल्या कशावरही झडप घालतो, बोटावरसुद्धा. आणि चावतो. त्याला वाढदिवसासाठी उकरून वर काढू नका. आफ्रिकन क्लॉड फ्रॉग पूर्ण पाण्यातला. 1930 च्या दशकापासून काही दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत गर्भधारणेच्या चाचणीसाठी हाच बेडूक वापरत. त्याच्या अंगावर पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या संवेदकांच्या ओळी असतात, त्यामुळे काचेवर टकटक केली किंवा टाकीच्या टेबलावर स्पीकर ठेवला की त्याला ते थेट अंगावर जाणवतं. त्याच्यासाठी पार्टी दुसऱ्या खोलीतच बरी.

भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पहिल्या पावसात शेतात, विहिरीपाशी दिसलेला बेडूक उचलून घरी आणायचा नाही. आपल्याकडच्या मोठ्या पिवळ्या-हिरव्या बेडकाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यातही भारताने 1987 मध्ये बंद केली. गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’च्या नावाखाली बेडूक पकडणाऱ्यांवर वनखातं कारवाई करतं ते याच कायद्याखाली. परदेशी जातीचा बेडूक घेतला असेल तर ती प्रजाती ‘साइट्स’च्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे का ते बघा. विषारी डार्ट फ्रॉग त्या यादीत आहेत. अशा प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. विकणारा ‘कागदबिगद काही लागत नाही हो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

तारीख कुठली धरायची?

बेडकाचा जन्म एका दिवसात उरकत नाही. अंडं, मग शेपटीवाला बेडूकमासा, मग पाय फुटणं, शेपूट जिरणं आणि शेवटी पाण्याबाहेर येणं. चांगला पैदासकार यातली शेवटची तारीख लिहून ठेवतो, कारण तिथून पुढे पिल्लाचं खाणं, राहणं सगळं बदलतं. तीच मागून घ्या. ती मिळाली नाही तर बेडूक घरी आला तो दिवस धरा. तोही माहीत नसेल, कुणाकडून दत्तक घेतला असेल, तर 20 मार्च घ्या, त्या दिवशी जागतिक बेडूक दिन असतो. मुलांना ही तारीख फार आवडते, कारण मग ‘सगळ्यांचाच’ बर्थडे होतो.

तारीख मे महिन्यात येत असेल आणि तुम्ही नागपूर-अकोल्याकडे असाल तर समारंभ पुढे ढकलायला काहीच हरकत नाही. डम्पीला दिवसा 24 ते 29 अंश मानवतात. खोलीचा पारा त्याच्या बराच वर असताना वर दहा माणसांची गर्दी आणि पेटवलेल्या मेणबत्त्या नकोत.

सगळं अडतं ते कातडीशी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या, मांड्यांमधल्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो. ओल्या कातडीतून थोडाफार श्वासही घेतो. म्हणजे हवेत किंवा हातावर जे काही आहे ते त्याच्या अंगात जायला वेळ लागत नाही. आपल्या हाताला लागलेलं क्रीम, सॅनिटायझर, साबणाचा राहिलेला अंश, मिठाचे कण आपल्याला जाणवतही नाहीत, त्याला बाधतात. पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. ही गोष्ट मुलांना नीट समजावून सांगितली की ‘हे का नाही, ते का नाही’ असं सारखं सांगत बसावं लागत नाही, तीच एकमेकांना दटावतात.

आठवडाभर आधी

नवीन रोप, नवी फांदी, बुचाच्या सालीचा तुकडा असं काही भेट द्यायचं असेल तर ते वाढदिवसाच्या दिवशी टाकीत ठेवू नका. ओळखीची जागा बदलली की बेडूक दोन-तीन दिवस बिचकून असतो आणि त्यातच गोंगाट झाला तर खाणं सोडतो. भेट आठवडाभर आधी द्या, किंवा सगळं शांत झाल्यावर द्या.

सगळ्यात स्वस्त आणि उत्तम भेट म्हणजे मनी प्लांटची वेल. ती नर्सरीतून आणली असेल तर मुळांची माती पूर्ण धुवून काढा, कारण त्या मातीत खत असतं आणि पानांवर कीटकनाशक. दोन-तीन आठवडे ती साध्या पाण्यात वेगळी ठेवा, मधून मधून पानं धुवा, मगच आत लावा. वेल जाड हवी, डम्पी वजनदार गडी आहे, नाजूक फांदी त्याच्याखाली मोडते.

खडे, काचमणी, प्लॅस्टिकची छोटी खेळणी टाकीत टाकायची नाहीत. किडा पकडताना तोंडात जे येईल ते बेडूक गिळतो, आणि आतड्यात खडा अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

या आठवड्यात मुलांना एक काम सोपवून द्या. रातकिडे पार्टीच्या दोन दिवस आधीच आणा आणि त्यांना गाजराचा कीस, पालेभाजीची पानं खायला घाला. रातकिड्याच्या पोटात जे असेल तेच बेडकाच्या पोटात जातं. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. आमच्याकडे या कामाला ‘जेवणाचं जेवण’ म्हणतात आणि त्यावरून भांडणं होतात, इतकं ते मुलांना आवडतं.

खोलीत काय चालेल, काय नाही

हल्ली वाढदिवस म्हटलं की स्नो स्प्रे आलाच. तो नाही म्हणजे नाहीच, शेजारच्या खोलीतही नको. त्याच्याबरोबर रूम फ्रेशनर, डिओ, डासांची कॉइल आणि लिक्विड, अगरबत्ती, धूप, कापूर, फुलबाजीसारख्या उडणाऱ्या मेणबत्त्या हेही सगळं बाद. टाकीचं झाकण जाळीचं असतं, आणि हवेत उडालेलं सगळं जाळीतून खाली जाऊन ओल्या अंगावर बसतं. फरशी आदल्या दिवशी पुसा आणि टाकीच्या आसपास फिनेलऐवजी साधं पाणी वापरा.

चमकी, कागदी तुकडे उडवणारे पॉपर नकोत. फुगे लावा, पण टाकीच्या वर किंवा शेजारी नाही. एखादा फुटलाच तर बेडूक दचकून थेट काचेवर आपटतो, आणि नाकावरची जखम भरायला वेळ लागतो. स्पीकर दुसऱ्या भिंतीला, जमिनीवर नाही, कारण बेडकाला ढमढम पायांतूनही जाणवते.

पताका टाकीच्या बाहेरून, काचेवर चिकटवा. मागच्या काचेला बाहेरून ‘हॅपी बर्थडे’चा कागद लावला तर फोटोत छान दिसतो आणि बेडकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ओवाळणं

हा प्रश्न मराठी घरात येतोच, म्हणून वेगळा लिहितो. हळद-कुंकू, अक्षता यांतलं काहीही बेडकाच्या अंगाला लावायचं नाही. बाजारातल्या कुंकवात रंग आणि रसायनं असतात, आणि हळद स्वयंपाकघरातली असली तरी ओल्या कातडीवर कोरडी पूड नकोच. कुंकू टाकीच्या चौकटीला बाहेरून लावा. निरांजन टाकीपासून चांगलं हातभर लांब, एकदा ओवाळून लगेच दुसऱ्या खोलीत. अक्षता टाकीवर टाकल्या तर तांदूळ जाळीतून आत पडतात, म्हणून त्या ताटातच राहू द्या. आमच्या आईने यातून मार्ग काढला: ती मुलाला पाटावर बसवून ओवाळते, ‘तू त्याचा पालक, तुझ्यामार्फत पोचतं’ म्हणते. मला हे शास्त्रोक्त वाटतं.

पाहुणे आणि त्यांचे हात

बेडूक पाहुण्यांच्या हातात द्यायचा नाही. डम्पी शांत असतो, हातावर बसून राहतो, त्यामुळे ‘एकदाच, एकदाच’ म्हणत सगळे रांग लावतात. तो शांत दिसतो म्हणून त्याला आवडतंय असं नाही.

दुसरं कारण माणसांचं आहे. बेडूक अगदी ठणठणीत असला तरी त्याच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत 2008 ते 2011 या काळात पाळीव ड्वार्फ फ्रॉगमुळे साल्मोनेलाची लागण होऊन तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. अनेकांनी बेडकाला हातही लावला नव्हता, टाकीचं पाणी पुरेसं ठरलं. पाच वर्षांखालच्या मुलांनी बेडूक, त्याची टाकी किंवा पाणी हाताळू नये असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांनाही तोच नियम.

म्हणून केकचं टेबल टाकीच्या खोलीत ठेवू नका. बेडकाची वाटी, फांद्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत. टाकी बघून आलेल्या प्रत्येक मुलाने खाण्याआधी साबणाने हात धुवायचे, काचेला नुसता हात टेकला असला तरीही.

घरातल्या मोठ्या माणसाला बेडूक उचलायचाच असेल, वजनासाठी वगैरे, तर पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे क्लोरिन काढलेल्या पाण्याने ओले करून घालावेत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरिन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी क्लोरामाईन वापरतात आणि ते असं उडत नाही. दुकानातलं डीक्लोरिनेटर वापरलं की चिंता मिटते.

त्याचं जेवण, त्याच्या वेळेला

डम्पी निशाचर आहे. दुपारी चारची पार्टी म्हणजे त्याची मध्यरात्र. मुलांचा केक संध्याकाळी होऊ दे आणि दिवे मंद झाले, गर्दी पांगली की आठ-नऊच्या सुमाराला त्याचं पान वाढा. तेव्हा दोन-तीन मुलं थांबली असतील तर त्यांना टाकीपासून जरा लांब, खाली बसवा.

पूर्ण वाढलेल्या डम्पीला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी पाच-सहा मोठे रातकिडे पुरतात. वाढदिवस म्हणून संख्या वाढवू नका. पाळीव डम्पींचा सगळ्यात मोठा आजार लठ्ठपणा आहे, आणि तो अशाच लाडातून येतो. किड्याची लांबी बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. किडे पिशवीत घालून कॅल्शियम आणि डी-3 ची पावडर टाकून हलवले की पिठीसाखर भुरभुरल्यासारखे दिसतात. मुलांसाठी हाच त्याचा केक. गोडधोड म्हणून एखादी मेणअळी द्यायला हरकत नाही. ती नुसती चरबी असते, म्हणून एखादीच.

आता बघण्यासारखं दृश्य येतं. लांब चिमट्यात किडा धरून बेडकाच्या नाकापासून चार बोटं दूर हलकेच हलवा. आधी काहीच होत नाही. मग बाहुली किंचित रुंदावते, पुढच्या पायाची गोल टोकं फांदीवरून सुटतात, सगळं अंग एका बाजूला झुकतं. आणि झडप. ती इतकी जोरात असते की कधी कधी बेडूक चिमट्याला लटकतो, म्हणून चिमट्याला रबरी टोकं असलेली बरी. मग गिळताना त्याच्या डोळ्यांकडे बघा: दोन्ही डोळे मिटून आत खोल जातात. डोळ्यांचे गोळे टाळूतून खाली दाबून तो घास मागे ढकलतो. हे बघितल्यावर मुलं केक विसरतात.

माणसांचं खाणं नाही. केक नाही, पनीर नाही, चिकनचा तुकडा नाही. बागेत पकडलेले किडे नाहीत, त्यांच्यावर कुठली फवारणी झाली कुणास ठाऊक. काजवा तर मुळीच नाही. काही जातींचे काजवे सरडे आणि बेडकांना इतके विषारी असतात की एकही पुरे. पॅकमॅनवाले लोक खास दिवस म्हणून उंदराचं पिल्लू देतात. मला ते पटत नाही, त्यात चरबी फार असते आणि प्रेक्षकांत लहान मुलं असतात.

अर्ध्या तासात न खाल्लेले किडे बाहेर काढा. रात्री तेच झोपलेल्या किंवा आजारी बेडकाला कुरतडतात.

फोटो

टोपी, बो, हार, चिकटपट्टी यांतलं काही अंगावर नाही. दोऱ्यात पाय अडकतो, गोंद कातडीला चिकटतो आणि टोपी पडली की तो ती गिळायला जातो. टोपी काचेच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या जवळ धरा आणि बेडकाच्या डोक्याच्या रेषेत आणा. दोन-चार प्रयत्नांत घातल्यासारखी दिसते. फ्लॅश बंद ठेवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो झगझगाट सोसत नाही. नव्या कपड्यांची तर त्याला गरजच नाही. दर काही दिवसांनी अंगावरची जुनी कातडी तो स्वतःच पायांनी ओढून सोलतो आणि खाऊनही टाकतो. तो वाकडंतिकडं तोंड करत असताना पहिल्यांदा पाहणारे घाबरतात, घाबरू नका.

आता खरं काम: वार्षिक तपासणी

पाहुणे जाऊ दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वही काढा.

वजन घ्या. झाकणाचा प्लॅस्टिक डबा, त्यात ओला टिशू, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बेडूक डब्यात चालत जाऊ द्या. हा काटा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. एका वर्षाचा आकडा फारसं काही सांगत नाही, दोन-तीन वर्षांचे ओळीने लिहिलेले आकडे बरंच सांगतात.

वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा, दर वर्षी त्याच अंतरावरून. डोळ्यांमागे, कानाच्या गोल पडद्यावर जी कातडीची वळी असते तिच्याकडे बघा. ती कानावर लोंबत असेल तर वजन वाढलंय, रातकिडे कमी करा. वळी जवळजवळ नाहीशी झाली असेल आणि कमरेची हाडं दिसत असतील तर लवकर पशुवैद्याकडे जा. जबडा मऊ किंवा वाकडा वाटणं, पाय थरथरणं ही कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणं आहेत.

यूव्हीबी दिवा वापरत असाल तर तो चालू दिसतो म्हणून चांगला आहे असं समजू नका. उजेड तसाच राहतो, पण त्यातली अतिनील किरणं सहा ते बारा महिन्यांत घटतात. नवा लावताना त्याच्यावर मार्करने तारीख लिहा. पावडरच्या डब्याचंही तेच. उघडल्यापासून सहा महिने झाले की त्यातली जीवनसत्त्वं फारशी उरत नाहीत. तापमान आणि दमटपणा दाखवणारं यंत्र दुसऱ्या एखाद्या यंत्राशी पडताळून बघा.

आणि ताजी विष्ठा छोट्या स्वच्छ डबीत घालून परदेशी प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे जंतांच्या तपासणीला द्या. असे डॉक्टर सगळीकडे नसतात. बेडूक आजारी पडल्यावर शोधण्यापेक्षा वाढदिवसाच्या निमित्ताने शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवलेला बरा.

काही बिघडलंच तर

कुणीतरी स्प्रे मारलाच, किंवा क्रीम लावलेल्या हातात बेडूक सापडला, तर वाट बघू नका. खोलीच्या तापमानाच्या, क्लोरिन काढलेल्या पाण्याने त्याला हलकेच पण भरपूर धुवा आणि स्वच्छ डब्यात ओल्या टिशूवर ठेवा. टाकी तशीच राहू द्या, लगेच परत आत घालू नका. अंगाला फेसासारखा चिकट द्रव सुटणं, पोटाखाली लाली, पाय ताठणं, तोंड उघडं राहणं यांतलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरला फोन करा. नुसता रंग तपकिरी झाला तर एवढं घाबरायचं कारण नाही. थंडीने, भीतीने डम्पी रंग बदलतो. खोली शांत करून अंधार करा आणि सकाळी बघा. सकाळीही तसाच, मरगळलेला असेल तर मात्र फोन.

आवराआवर

टाकीचं जुनं पाणी, कोकोपीट, वाळलेली पानं बागेत, ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका. पाळीव बेडकांबरोबर कायट्रिड ही बुरशी जगभर पोचली आहे. तिच्यामुळे बेडकांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या 501 प्रजाती घटल्या आणि त्यांतल्या 90 नामशेष झाल्या असाव्यात, असा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. सह्याद्रीत तर काही बेडूक एखाददुसऱ्या डोंगरापुरतेच उरले आहेत, आंबोलीचा टोड त्यांतलाच. पाण्यात थोडं ब्लीच मिसळून ते काही वेळाने संडासात ओता, बाकीचा कचरा पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. पाहुण्यांपैकी कुणी ‘आम्हालाही एक पिल्लू द्या ना’ म्हणालं तर त्यांना आधी पंधरा वर्षांचा हिशेब सांगा.